अंगणातल्या अस्वलाचा हिशेब

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मार्च म्हणजे चिखलाचा महिना. डोंगरउतारांवर बर्फ असतंच, पण कच्चे रस्ते भुसभुशीत होऊ लागतात, मेपलच्या झाडांतून रस उतरू लागतो आणि राज्यांची वन्यजीव खाती दरवर्षीचं निवेदन काढतात: काळी अस्वलं जागी होत आहेत, पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्यांचे फीडर उतरवून ठेवा. शंभर-दीडशे किलोचं जनावर, आणि त्यावर उपाय काय, तर किलो-दोन किलो बियांची प्लॅस्टिकची नळी काढून घरात ठेवायची! ऐकायला हे विनोदीच वाटतं. खेड्यापाड्यांतले लोक कुरकुरतात. काही जण फीडर उतरवतात, पुष्कळ जण ‘अजून बर्फ आहे, दोन आठवड्यांनी बघू’ म्हणतात. मग एप्रिलच्या एखाद्या सकाळी फीडरचा लोखंडी खांब वाकलेला दिसतो, शेजारी कचऱ्याचं पिंप उपडं पडलेलं असतं. त्यावर कुणी म्हणतं, बिचारं पाच महिने उपाशी होतं. कुणी म्हणतं, अस्वलं फार माजली आहेत. माझ्या मते या दोन्ही बोलण्यांमागचं निदान चुकलेलं आहे. निवेदनातला उपाय अगदी बरोबर आहे, पण त्यामागचं जे कारण लोक धरून चालतात ते अर्धवट आहे. आणि त्या अर्धवट कारणातूनच अस्वलांना खाऊ घालण्यापासून त्यांना वसंतात गोळ्या घालण्यापर्यंतचे कितीतरी फसलेले उपाय निघाले आहेत.

पुढे जाण्याआधी मराठी वाचकाच्या मनातलं अस्वल जरा बाजूला ठेवायला हवं. मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूरकडचं आपलं अस्वल वारुळं उकरणारं, लांब नख्यांचं. ते शीतनिद्रा घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळू लागली की भल्या पहाटे झाडाखाली माणूसही जातो आणि अस्वलही. अचानक समोरासमोर आलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं, म्हणून विदर्भात त्याची जी धास्ती आहे ती रास्त आहे. अमेरिकेतलं काळं अस्वल ही वेगळी जात आहे. आखूड, वाकड्या नख्यांमुळे ते झाडावर सरसर चढतं, आणि धोका वाटला की बहुतेक वेळा पळतं किंवा झाडच गाठतं. उत्तर अमेरिकेत त्याची संख्या सहा लाखांच्या वर आहे; जगातल्या बाकी सगळ्या अस्वल-जाती एकत्र केल्या तरी इतकी भरत नाहीत. घराभोवती ते येतं ते माणसावर धाव घेण्यासाठी नव्हे, हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब समजायला सोपा जातो.

‘पाच महिने उपाशी’ हे वर्णन खोटं नाही, पण त्यातून निघणारा अर्थ खोटा आहे. शीतनिद्रेत काळं अस्वल खात नाही, पीत नाही, मलमूत्र विसर्जन करत नाही. साठवलेल्या चरबीवर जगतं, आणि युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांसाठी वापरत असल्यामुळे त्याचे स्नायूही फारसे झिजत नाहीत. अलास्का विद्यापीठातले ऑयविंड टोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अस्वलांना कृत्रिम गुहांमध्ये ठेवून केलेली मोजमापं २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. अस्वलांचं शरीर-तापमान ३० ते ३६ अंश सेल्सियसच्या दरम्यानच खालीवर होत राहिलं, पण चयापचय नेहमीच्या चौथाईवर उतरला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ पर्यंत आले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं त्याहून मोलाचं निरीक्षण पुढचं आहे. गुहेबाहेर पडल्यावरही अस्वलांचा चयापचय लगेच पूर्ववत झाला नाही. सुरुवातीला तो नेहमीच्या निम्म्याच्या आसपास होता आणि सावरायला दोन-तीन आठवडे लागले. राल्फ नेल्सन या संशोधकानं या अवस्थेला आधीच ‘चालती शीतनिद्रा’ असं नाव दिलं होतं. म्हणजे मार्चअखेरीला जंगलातून बाहेर पडलेलं अस्वल वखवखलेलं नसतं. ते मंद असतं, थोडं खातं, बरंचसं लोळतं. ज्या दिवसांत ते कासावीस असेल असं आपण समजतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याची भूक सगळ्यात कमी असते.

भूक हळूहळू येते, आणि ती येते तेव्हा जंगलाचं ताट फारसं भरलेलं नसतं. ओलसर दलदलीत बर्फातून वर येणारी स्कंक कॅबेजची रोपं, कोवळं गवत, अॅस्पेनची पालवी, कळ्या, मुंग्यांची अंडी आणि अळ्या, हिवाळ्यात मेलेलं एखादं हरीण, गेल्या शरदातली बर्फाखाली उरलेली ओकची आणि बीचची फळं, हा वसंतातला आहार. गाईसारखं चार कप्प्यांचं पोट अस्वलाला नसतं, त्यामुळे पाला कोवळा असेतोवरच त्याला पचतो. त्यातून प्रथिनं बरी मिळतात, पण चरबी चढत नाही. हिवाळ्यात अस्वलाचं वजन १५ ते ३० टक्के घटतं, पिल्लं पाजणाऱ्या मादीचं त्याहून जास्त. आणि गुहेबाहेर आल्यावरही, जुलैच्या सुमारास रानबोरं पिकेपर्यंत, ते पुष्कळदा घटतच राहतं. हे आजारपण नव्हे, त्या प्राण्याचं नेहमीचं वर्ष आहे. आता याशेजारी फीडर ठेवून बघा. सोललेल्या सूर्यफुलाच्या एका किलो बियांत साधारण ५,८०० कॅलरी असतात, आणि त्यातली निम्म्याहून अधिक स्निग्धांशातली. दिवसभर दलदलीत चरूनही जे मिळत नाही ते पाच मिनिटांत, एका जागी, पळायची वाट मोकळी असताना मिळतं. सालासकट बिया असल्या तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही.

इथेच माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. भूक ही सगळ्या अस्वलांना, सगळ्या वसंतात, सगळ्या जंगलात सारखीच लागते. जी गोष्ट सगळीकडे सारखी आहे तिच्यामुळे एका घरी अस्वल येतं आणि अर्ध्या मैलावरच्या दुसऱ्या घरी येत नाही, याचा उलगडा होत नाही. घराघरांत जे बदलतं ते बक्षीस. फीडर, उघडं पिंप, न धुतलेलं ग्रिल, ओसरीवर ठेवलेलं कुत्र्याचं खाणं, कोंबड्यांचं पोत्यातलं खाद्य, उष्टं-खरकटं टाकलेला कंपोस्टचा ढीग, कुंपण नसलेल्या मधपेट्या. वर्षावर्षांतला फरक मात्र जंगलातल्या अन्नाच्या कमीजास्त पिकातून येतो, हे मान्यच करायला हवं. ओक-बीच फळले नाहीत त्या शरदात तक्रारी वाढतात, आणि चांगल्या पिकाच्या पुढच्या वसंतात बर्फाखालची उरलेली फळं अस्वलांना जंगलातच रमवतात. पण कुठलंही खातं ओकला फळं लावू शकत नाही. फीडर उतरवणं मात्र घरमालकाच्या हातात आहे.

घराची वाट धरणारं अस्वल कोणतं, हेही महिन्यागणिक बदलतं. आधी प्रौढ नर बाहेर पडतात, मग एकट्या माद्या आणि मोठ्या पिल्लांच्या आया, आणि शेवटी त्या हिवाळ्यात व्यायलेल्या माद्या. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं, जन्मताना पाव किलोच्या आसपास असलेलं पिल्लू आईबरोबर दीड वर्षाच्या आतबाहेर राहतं. मे-जूनमध्ये माजाचा हंगाम सुरू झाला की मादी आदल्या वर्षीच्या पिल्लांना हुसकून लावते. जूनमधली अनेक ‘धीट’ अस्वलं म्हणजे ही नुकतीच घराबाहेर काढलेली, जागेच्या शोधात वणवणणारी पोरं असतात. त्यांना ना इलाखा, ना अनुभव. याच वयात ती काय शिकतात यावर बरंच अवलंबून आहे. रेचेल मझूर आणि व्हिक्टोरिया सेहर यांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी आणि सेक्वोया राष्ट्रीय उद्यानांत केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की माणसाच्या अन्नावर सोकावलेल्या मादीची पिल्लं बहुधा तेच शिकतात आणि रानातल्या मादीची पिल्लं रानातच चरतात. त्याच वर्षी आलेल्या एका जनुकीय अभ्यासाला मात्र उपद्रवी अस्वलं एकमेकांची नातलग असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणजे आईकडून शिकणं हा एक मार्ग आहे. वणवणताना आपलं आपण शिकणं हा दुसरा, आणि बहुधा तितकाच रुंद. दोन्ही मार्गांना शिकवणी एकच लागते, ती म्हणजे बक्षीस. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, ही आपल्याकडची म्हण इथे शब्दशः लागू पडते. गेलेल्या दोन किलो बियांचं काहीच नाही. पण त्या बियांमुळे अस्वलाच्या डोक्यातल्या नकाशावर एक घर कायमचं उमटतं, आणि पुढच्या वेळी ते खांबापाशी न थांबता स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापर्यंत येऊन बघतं.

यावर पहिला आक्षेप सहृदय माणसांचा असतो: आपणच त्यांच्या जंगलात घरं बांधली, ती बिचारी कुठे जाणार? पश्चिमेकडच्या काही डोंगराळ गावांबाबत यात तथ्य आहे. न्यू इंग्लंडबाबत, म्हणजे या ईशान्य कोपऱ्याबाबत, इतिहास जवळजवळ उलटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेती आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी इथलं निम्म्याहून अधिक जंगल तोडलं गेलं होतं. कनेटिकटमधून तर अस्वल तेव्हा नाहीसंच झालं. पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि गिरण्यांकडे गेले, कुरणं ओस पडली, त्यांवर जंगल चढलं. आज व्हरमाँटचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पुन्हा वनाच्छादित आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७० च्या दशकात शंभरच्या आसपास अस्वलं होती, आज तिथलं खातं साडेचार हजारांच्या वर आकडा सांगतं. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात त्या न्यू जर्सीतही सर्वच्या सर्व २१ काउंट्यांमध्ये अस्वल दिसल्याची नोंद आहे. आपण अस्वलाच्या घरात घुसलो आहोत, त्याहून अधिक नेमकं असं म्हणता येईल की दोघंही एकाच वेळी त्याच वाढत्या जंगलाच्या कडेला राहायला आलो आहोत. दोष कुणाचा हा प्रश्न त्यामुळे बराचसा फिजूल ठरतो. कोण आधी बदलू शकतं एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप अभ्यासकांतूनच आला आहे आणि तो जास्त वजनदार आहे. मिनेसोटातले लिन रॉजर्स हे अनेक दशकं काळ्या अस्वलांमध्ये वावरलेले जीवशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की अस्वल उपद्रवी होतं ते भुकेनं. माणसाच्या हातचं खाल्ल्यामुळे किंवा माणसाची सवय झाल्यामुळे नव्हे. वस्तीपासून थोडं दूर जाणीवपूर्वक अन्न ठेवलं तर ती वस्तीला त्रास देत नाहीत, हे त्यांनी आठ वर्षांच्या प्रयोगाच्या आधारे २०११ मध्ये मांडलं. मिनेसोटाच्या खात्याला हे पटलं नाही. अस्वलांना हातानं खाऊ घालण्यावरून वाद झाला आणि २०१३ मध्ये रॉजर्स यांचा अस्वलांना रेडिओ-कॉलर लावण्याचा परवाना पुढे चालू ठेवला गेला नाही. रॉजर्स यांची निरीक्षणं झटकून टाकण्यासारखी नाहीत. जाणत्या माणसानं, एका ठरलेल्या जागी, नियमितपणे अन्न ठेवलं तर काही काळ तक्रारी घटत असतीलही. पण खेड्यातल्या शंभर घरांचं चित्र तसं नसतं. तिथे अन्न प्रत्येक दारात असतं, कधी असतं कधी नसतं, आणि ज्या दिवशी नसतं त्या दिवशी अस्वल शेजारचं दार बघतं. शिवाय खाऊ घालण्याची किंमत अस्वलाच्या शरीराला पडते. कोलोरॅडोमधल्या माद्यांवर रेबेका किर्बी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसाचं अन्न जास्त खाणाऱ्या माद्यांची शीतनिद्रा आखूड झालेली आढळली. आणि शीतनिद्रा आखूड तसं गुणसूत्रांच्या टोकांवरचं टेलोमिअर नावाचं टोपण जास्त झिजलेलं. पेशींचं वय मोजण्याची ती एक खूण आहे. नेवाडाकडच्या ताहो सरोवराच्या परिसरातली वस्तीलगतची अस्वलं रानातल्यांपेक्षा सरासरी ३० टक्के जड भरली होती. गुटगुटीत दिसणं म्हणजे बरं चालणं नव्हे.

तिसरा आक्षेप बंदुकीचा. अस्वलं वाढली आहेत, मग कमी करा. आणि वसंतात घराजवळ येतात तर वसंतातच मारा. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं नकळत याची मोठी चाचणीच करून दाखवली. तिथली वसंतातली शिकार १९९९ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये काही भागांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि २०२१ मध्ये कायम झाली. मार्टिन ओबार्ड आणि सहकाऱ्यांनी प्रांतभरच्या तक्रारींचा अभ्यास करून २०१४ मध्ये दाखवलं, की तक्रारींचे चढउतार रानातल्या अन्नाशी जुळतात, आदल्या शिकारीच्या आकड्यांशी नाही. पुढे जोसेफ नॉर्थरप आणि सहकाऱ्यांनी वसंतातली शिकार सुरू झालेले भाग आणि न झालेले भाग शेजारी ठेवून तपासले. शिकारीमुळे माणूस-अस्वल संघर्ष घटल्याचं दिसलं नाही. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. शिकारी जंगलात बसतो, सोकावलेलं अस्वल ओसरीपाशी असतं. मारलं जातं ते दुसरंच. तरीही शिकारीचा काहीच उपयोग नाही असं सरसकट म्हणणं चूक होईल. न्यू जर्सीतल्या नोंदींवरून २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात शिकार आणि नेमक्या उपद्रवी अस्वलांवरची कारवाई एकत्र राबवल्यावर संघर्ष घटल्याचा निष्कर्ष आहे. दाट वस्तीच्या राज्यात संख्येला मर्यादा घालण्याचं ते साधन असू शकतं. फक्त संख्या निम्मी केली तरी उरलेल्या अस्वलांना सूर्यफुलाची चव तीच लागते.

मारायचं नसेल तर पळवून लावा, दूर नेऊन सोडा, हा मधला मार्ग लोकांना सगळ्यात आवडतो, आणि पुरावा त्याला सगळ्यात कमी साथ देतो. नेवाडाच्या बाजूला ताहो परिसरात जॉन बेकमन, कार्ल लॅकी आणि जोएल बर्जर यांनी ६२ उपद्रवी अस्वलांवर प्रयोग केला. पकडलेल्या काहींना सोडताना रबरी गोळ्या, मिरचीचा फवारा, मोठे आवाज यांचा मारा केला. काहींच्या मागे शिवाय कुत्री सोडली. काहींना नुसतंच सोडलं. ६२ पैकी ५७ अस्वलं पकडल्या जागी परत आली, त्यातली बहुतेक ४० दिवसांच्या आत. दूर नेऊन सोडण्याची गतही वेगळी नाही. रॉजर्स यांनीच जमवलेल्या जुन्या नोंदींवरून दिसतं, की साठेक किलोमीटरच्या आत सोडलेली प्रौढ अस्वलं बहुतांशी परतली. त्याहून लांब नेलेल्यांपैकी परत न आलेली नव्या ठिकाणी पुन्हा कुणाच्या तरी अंगणात उभी राहू शकतात. एकदा बक्षीस मिळाल्यावर शिक्षेनं ते पुसता येत नाही, निदान आपल्या हातात असलेल्या शिक्षांनी तरी नाही. म्हणून पहिली भेट होऊ न देणं हाच स्वस्त उपाय ठरतो, आणि म्हणून तारखेला महत्त्व आहे. न्यू हॅम्पशरचं खातं १ एप्रिल ते १ डिसेंबर या काळात फीडर नको म्हणतं. व्हरमाँटनं अलीकडे ही मर्यादा मार्चच्या मध्यावर आणली आहे, ते योग्यच आहे. पहिला नर मार्चमध्ये बाहेर पडतो. फीडर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवला, तर तो अस्वलानं उतरवल्यावर उतरवल्यासारखं होतं.

पण पक्ष्यांचं काय? हा आक्षेप ऐकताना हसू नये, कारण दाणे घालणारी माणसं पक्ष्यांवर खरंच जीव लावून असतात. सुदैवानं याचं उत्तर स्पष्ट आहे. विस्कॉन्सिनमध्ये मार्गरेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी चिकडी या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास केला. कडाक्याच्या हिवाळ्यात फीडरमुळे चिकडींची जगण्याची शक्यता खरोखर वाढते, पण त्या आपल्या गरजेचा मोठा भाग तेव्हाही रानातूनच भागवतात. मग त्यांनी वर्षानुवर्षं दाणे मिळत आलेल्या जागेवरचे फीडर काढून घेतले आणि तिथल्या चिकडींची तुलना कधीच दाणे न मिळालेल्या चिकडींशी केली. हिवाळ्यात जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही, असं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. दाण्यांनी पक्षी परावलंबी होत नाहीत. एप्रिलपासून तर किडे, अळ्या, कळ्या सगळंच मिळू लागतं आणि पिल्लांना भरवायला पक्ष्यांना अळ्याच हव्या असतात. वसंतातला फीडर पक्ष्यांसाठी कमी आणि खिडकीतून बघणाऱ्यासाठी जास्त असतो. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याची किंमतही त्याच खात्यात मांडायला हवी.

धोक्याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी १९०० ते २००९ या काळातले रानटी काळ्या अस्वलांनी केलेले प्राणघातक हल्ले तपासले: ५९ घटना, ६३ मृत्यू, त्यातल्या बहुतांश कॅनडा आणि अलास्कातल्या. इतक्या मोठ्या खंडात, लाखो अस्वलांच्या सहवासात, ११० वर्षांतला हा आकडा आहे. पिल्लं असलेली मादी सगळ्यात घातक, हा समज तपकिरी अस्वलांकडून उसना घेतलेला दिसतो. काळ्या अस्वलांचे बहुतेक प्राणघातक हल्ले एकट्या नरांनी, भक्ष्य म्हणून केलेले होते. पण त्याच अभ्यासाची दुसरी नोंदही वाचायला हवी: सुमारे ३८ टक्के घटनांत माणसाचं अन्न किंवा कचरा याचा हात असण्याची शक्यता आढळली. शिवाय जीव जाण्याच्या अलीकडेही बरंच काही असतं. कनेटिकटमध्ये २०२२ या एका वर्षात अस्वल घरात शिरल्याच्या ६७ घटना नोंदल्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी तिथे अस्वलांना मुद्दाम खाऊ घालण्यावर बंदी घालणारा आणि स्वसंरक्षणार्थ अस्वल मारायला मुभा देणारा कायदा झाला. माणसाला न घाबरणाऱ्या, घराची चटक लागलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा गोळीनंच होतो.

राहिला शेवटचा, थोडा चिडका आक्षेप: माझ्या अंगणात मी काय टांगायचं हे अस्वलानं का ठरवावं? याला तत्त्वाचं उत्तर देण्यापेक्षा व्यवहाराचं दिलेलं बरं. कोलोरॅडोतल्या ड्युरँगो गावात हेदर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी काही भागांत घरोघरी अस्वलाला न उघडणारी कचऱ्याची पिंपं, हजाराहून अधिक, वाटली आणि काही भाग तसेच ठेवले. पिंपं दिलेल्या भागांत कचऱ्यावरून होणारे प्रसंग ६० टक्क्यांनी कमी राहिले. फरक पडला तो पुरेशा घरांनी पिंपाची कडी लावली तिथे. एकट्यादुकट्यानं लावून भागत नाही, कारण अस्वल गल्लीचा हिशेब करतं, घराचा नव्हे. मधपेट्या आणि कोंबड्यांसाठी उपाय याहून सोपा आहे आणि तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे: झटका मशीन. पाच-सहा हजार व्होल्टचा क्षणिक झटका देणाऱ्या तारा पेट्यांभोवती ओढायच्या, आणि अस्वलं बाहेर पडण्याआधी ओढायच्या. काही जण तारेला शेंगदाण्याचं लोणी फासून ठेवतात. जाड केसांतून झटका नीट बसत नाही, नाकाला आणि जिभेला मात्र बसतो. पळवून लावण्याच्या इतर युक्त्या फसतात आणि ही चालते, याचं कारण इथे शिक्षा बक्षिसाच्या आधी येते.

अस्वलाच्या जागं होण्याचं आणि आपल्या फीडर उतरवण्याचं, ही दोन कॅलेंडरं जुळवण्याचं काम पुढे सोपं होणार नाही. ड्युरँगोजवळच कॉलर लावलेल्या माद्यांवरून जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की किमान तापमान एका अंशानं वाढलं की शीतनिद्रा सुमारे सहा दिवसांनी आखूड होते, आणि वस्तीतलं अन्न खाणाऱ्या माद्या रानातल्या माद्यांपेक्षा साधारण महिनाभर कमी झोपतात. म्हणजे फीडर आणि कचरा अस्वलाला नुसते घराकडे बोलावत नाहीत, त्याचं जागेपणाचं वर्षही लांबवतात, आणि मग ते आणखी लवकर बाहेर पडून पुन्हा घराकडेच येतं. या चक्राला तापमानाच्या बाजूनं अडवणं कुठल्याही गावाच्या हातात नाही. अन्नाच्या बाजूनं अडवता येतं, पण त्याला गावाचा ठराव, पिंपांचा खर्च आणि शेजाऱ्यांचं एकमत लागतं. व्हरमाँटमध्ये किंवा न्यू जर्सीच्या डोंगराळ वायव्य भागात घर घेतलेल्यांनी, त्यात मराठी मंडळीही आली, एवढं करावं: हिवाळ्यात हवे तितके दाणे घालावेत, पण १५ मार्चला फीडर उतरवून, धुऊन घरात ठेवावा, खाली सांडलेल्या बिया झाडून काढाव्यात, कचरा उचलायची गाडी येईल त्याच सकाळी पिंप बाहेर न्यावं, आणि शेजारी अजून ‘दोन आठवड्यांनी बघू’ म्हणत असेल तर त्याच्याशी त्याच आठवड्यात बोलून घ्यावं.